नानांचा एफएसआय

"ताई, कोपऱ्यावरच्या मासींना दलालानं काय भाव सांगितला, माहीत आहे का? मेट्रोच्या नावानं, बरं का. आकडा ऐकलास तर मटकन खाली बसशील."

काकूंनी आवाज खाली आणला होता. काकूंचा खाली आणलेला आवाज चार गच्च्यांवर स्पष्ट ऐकू जातो, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांनाही. तिसऱ्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या मारवाडी भाभींचा हात चिमट्यावरच थांबला.

सुरतेच्या पर्वत पाटियातली आमची सोसायटी गाळा टाइप. बारा फूट रुंद, चाळीस फूट लांब असे प्लॉट ओळीनं, शेजाऱ्याची भिंत तीच आपली भिंत, पुढं ओटा आणि ओट्यावर दोन बाइका. कुंपण असं नाहीच. लोक जे कुंपणावरून बोलतात ते आम्ही गच्चीच्या कठड्यावरून बोलतो. उन्हाळ्यात तर सकाळी सात ते दहा अख्खी गल्ली वर. काकूंचं बिबड्यांचं काम चाललेलं असतं. भिजवून आंबवलेली ज्वारी, तिचा तीळ-लसूण घालून शिजवलेला घाटा, तो बाजेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर पाण्याच्या हातानं थापायचा. थापताना बोट जाड पडलं तर बिबडा तळताना आतून कच्चा राहतो, म्हणून काकू बोलतात माझ्याशी आणि बघतात धोतराकडे.

"किती सांगितला?" मी विचारलं.

काकूंनी सांगितला. मी बसले नाही, पण कठड्याला हात टेकवला. आकडा इथं लिहीत नाही. दलालाच्या तोंडचा आकडा छापला की गल्लीत तोच बाजारभाव होऊन बसतो.

दलाल म्हणतो त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. सुरत मेट्रोची दुसरी मार्गिका भेसाणपासून सारोलीपर्यंत, 18.74 किलोमीटर, सगळी खांबांवरून, 18 स्टेशनं. त्यातलं मॉडेल टाउन आणि मगोब आमच्या दोन अंगांना. पहिली मार्गिका सरथाणा ते ड्रीम सिटी, तिचा काही भाग जमिनीखालून. दोन्ही मिळून 40.35 किलोमीटर. 2019 च्या मार्चमध्ये केंद्राची मंजुरी आली, 18 जानेवारी 2021 ला पंतप्रधानांनी दिल्लीत बसून भूमिपूजन केलं, आणि तेव्हापासून आम्ही पत्र्याच्या बॅरिकेडच्या कडेनं चालतो आहोत. शटल रिक्षा जिथं थांबायची तिथं आता खांब आहे. काकूंच्या मते त्या खांबांची धूळ बिबड्यांत आली आणि गेल्या वर्षीचे बिबडे करकरीत लागले. 2024 च्या पावसाळ्यात सारोलीकडं एक स्पॅन वाकला, तेव्हा तर काकूंचे यजमान, नाना, आठवडाभर त्याखालून गेले नाहीत.

"पण भाव का वाढला? गाडी तर अजून आली नाही," मी म्हटलं.

"गाडीचा भाव नाही गं तो. वर चढायचा भाव आहे," नाना जिन्यातूनच बोलले. नाना बोलायला लागतात तेव्हा बहुधा जिन्यात असतात, पोचेपर्यंत निम्मं बोलून झालेलं असतं. "स्टेशनजवळ उंच बांधायची परवानगी मिळते. आपले गाळे पाडायचे, बिल्डरनं टॉवर करायचा, आपल्याला त्यात फ्लॅट. दलाल सांगत होता, एफएसआय चार मिळणार."

"चार काय?" काकू.

"चार म्हणजे चार. आतापर्यंत एक होता, आता चार."

नानांना एफएसआय म्हणजे काय ते माहीत नव्हतं. काकूंनाही नव्हतं. पण काकूंनी ते कबूल केलं.

योगायोगानं माझा भाचा त्या आठवड्यात पुण्याहून लग्नाला आलेला होता. तो नगररचनेच्या कामात आहे, म्हणजे दिवसभर नकाशे रंगवतो आणि संध्याकाळी त्या नकाशांवरून शिव्या खातो. त्याला चहाचा कप देऊन गच्चीवर आणला. त्यानं आधी एक बिबडा ओलाच तोंडात टाकला, काकूंनी हातावर फटका मारला, आणि मग सभा सुरू झाली.

"नाना, प्लॉट किती वार?"

"त्रेपन्न."

"म्हणजे 480 चौरस फूट. आणि मजले?"

"खाली एक, वर तीन." नानांनी छाती जरा पुढं काढली. तो प्रत्येक मजला त्यांनी वेगळ्या दशकात चढवलाय. धुळे जिल्ह्यातून ऐंशीच्या दशकात भुसावळ लाइनच्या गाडीनं आले, आधी लिंबायतला चौघांत एक खोली, उधन्यात सांच्यावर (यंत्रमागावर) बारा तासांची पाळी, मग हा प्लॉट पावतीवर. तळमजला लग्नात, पहिला मजला पोराच्या शाळेच्या वेळी, दुसरा भाड्यासाठी, तिसरा पोराच्या लग्नाला. तिसऱ्याची गॅलरी रस्त्यावर दोन फूट पुढं आहे. त्याबद्दल गल्लीत कोणी बोलत नाही, कारण सगळ्यांचीच आहे.

"चार मजले, प्रत्येक 480. झाले 1920. भागिले प्लॉट 480." भाच्यानं कप खाली ठेवला. "नाना, तुमचा एफएसआय चार आहे. गॅलरी धरली तर चाराच्या वर."

काकूंचा हात थांबला. भाभी आता उघडपणे कठड्यापाशी आल्या होत्या.

"म्हणजे मला मिळालेला आहे?"

"मिळालेला नाही, तुम्ही घेतलेला आहे. जमिनीच्या कितीपट बांधकाम, त्याला एफएसआय म्हणतात. इथल्या नियमात साध्या रहिवासी भागाला मूळ 1.8. त्याच्यावर हवा असेल तर सरकारला पैसे भरून थोडा वाढवून मिळतो, जंत्रीच्या, म्हणजे सरकारी जमीनदराच्या, हिशेबानं. घर लहान असेल तर तो दर हलका, मोठ्या घराला जड. आणि रस्ता जितका रुंद, तितका जास्त मिळतो. तुमचा रस्ता?"

खाली टेम्पो मागं घेताना कोणाची तरी बाइक पाडत होता. रस्त्याच्या रुंदीची चर्चा तिथंच संपली.

नानांना मात्र या हिशेबानं एकदम तरतरी आली. सरकार मेट्रो आणून, नियम करून, मोठमोठे आराखडे काढून जे करायला निघालं आहे, ते आपण पंचवीस वर्षांत सिमेंटच्या गोण्या डोक्यावर वाहून करून ठेवलं, असा त्यांचा चेहरा झाला. "इम्पॅक्ट फीचा फॉर्मपण भरलाय," ते म्हणाले. गुजरातेत हे एक बरं आहे. विनापरवानगी बांधकाम फी भरून नियमित करून घेण्याचा कायदा 2011 ला आला, 2022 ला वटहुकूम काढून पुन्हा आणला. लोकांनीही मग धडा घेतला: आधी बांधा, फी मागाहून येतेच.

"पण दलाल म्हणतो ते खोटं आहे का?" काकूंनी मूळ मुद्दा सोडला नव्हता.

"अर्धं खरं आहे. अहमदाबादेत मेट्रो आणि बीआरटीएसच्या, म्हणजे बसच्या स्वतंत्र मार्गाच्या, दोन्ही बाजूंना 200 मीटरचा पट्टा आखलाय, तिथं चारपर्यंत एफएसआय. आमच्याकडं पुण्यात मेट्रो स्टेशनपासून 500 मीटर, तिथंही चारपर्यंत. पण तो प्रत्येकाला मिळत नाही. मोठा प्लॉट हवा, रुंद रस्ता हवा. समजा बिल्डरला दोन हजार चौरस मीटरचा तुकडा पाहिजे. तुमच्या मापाचे किती गाळे लागतील? पंचेचाळीस. पंचेचाळीस घरांची एकाच कागदावर सही."

गच्चीवर सगळे गप्प झाले. पंचेचाळीस घरांच्या सह्या! आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीचा आकडा ठरायला तीन बैठका लागतात आणि चौथ्या बैठकीत कोणी तरी पहिल्यापासून सुरू करतो.

"फ्लॅटवाल्यांचं जरा सोपं आहे," भाचा म्हणाला. "गुजरातेत 2018 साली कायदा बदलला. इमारत 25 वर्षांची झालेली असली की 75 टक्के सभासदांची संमती पुरते. तुमच्यात मात्र प्रत्येकाचा दस्तावेज वेगळा, जमीन वेगळी. एक जण अडला की त्याच्या गाळ्याएवढी फट टॉवरच्या पोटात."

"तो एक जण कोण असेल ते मला माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि कोपऱ्यावरच्या घराकडं बघून पुन्हा धोतराकडं वळल्या.

आता भाभींना राहवेना. त्या हिंदीत बोलतात, काकू अहिराणीत, मी दोन्हींच्या मध्ये. भाभींचे यजमान रिंग रोडच्या मार्केटात आहेत, त्यामुळं भाभींना जमिनीचं कमी कळतं आणि मालाचं जास्त. त्यांचा सवाल रोकडा होता: टॉवर झाले की गाड्या कुठं लावणार? मेट्रो स्टेशनजवळच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटात राहायला येणाऱ्याकडं दोन मोटारी असणार. तो मेट्रोत बसेल का?

या प्रश्नाला मी मनातल्या मनात टाळी दिली. कारण या सगळ्या योजनेचं मूळ पाहिलं तर ते प्रवाशांत आहे. स्टेशनभोवती दाट वस्ती का करायची? लोक पायी स्टेशनवर यावेत, गाडी भरून धावावी, शहर चारी बाजूंना शेतं खात सुटू नये, म्हणून. भाच्यानं ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराचं सांगितलं. 1974 पासून तिथं बसला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्ग दिला आणि उंच इमारतींना फक्त त्या मार्गांच्या कडेनं परवानगी दिली. आत गल्ल्यांत बैठी घरं. आपल्याकडच्या बीआरटीएसचा वंश तिथूनच आलाय. सुरतेचं बीआरटीएसचं जाळं शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि आमच्या पर्वत पाटियाच्या स्टँडवर संध्याकाळी जी गर्दी असते ती बघितली तर कोणीही सांगेल की बसचा आणि दाट वस्तीचा संबंध आम्हाला शिकवायची गरज नाही.

फक्त त्या गर्दीत कोण असतं, ते नीट बघायला हवं. बहुतेक भाडोत्री असतात.

नानांच्या दुसऱ्या मजल्यावर नवापूरवाली राहते. (नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. ती म्हणते, मी जन्मापासूनच बॉर्डरवर आहे, इथं काय नवीन.) नवरा सारोलीच्या बाजूला एम्ब्रॉयडरीच्या खात्यात (कारखान्यात), रात्रपाळी-दिवसपाळी पंधरा पंधरा दिवसांनी. ती घरी साड्यांना खडे चिकटवते. मांडीवर साडीचा पदर ताणून, डाव्या हातात गोंदाची नळी, उजव्या हातात काडीच्या टोकाला चिकटवलेला मेणाचा गोळा, त्यानं खडा उचलायचा आणि ठिपक्यावर ठेवायचा. बोलताना मान वर करत नाही. पैसे खड्यांवर नाही, साडीवर मिळतात, म्हणून बोलणं चालतं, थांबणं चालत नाही. दोन पोरं महापालिकेच्या मराठी शाळेत. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा किती तरी माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते, त्यामुळं खानदेशातून आलेल्याला पोरांची भाषा गावीच ठेवून यावी लागत नाही.

तर ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर साडी घेऊन बसली होती. उजेड चांगला म्हणून. इतका वेळ एक शब्द नाही. नाना जेव्हा म्हणाले, "टॉवर झाला तर आपल्याला दोन फ्लॅट मागायचे, एक पोराच्या नावावर," तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं:

"मग आम्ही कुठं जायचं, नाना?"

नाना म्हणाले, "तू माझ्याच फ्लॅटात भाड्यानं राहा."

"भाडं तेवढंच?"

यावर नाना जिन्याकडं बघायला लागले.

गच्चीवरच्या सगळ्या चर्चेत हा एकच प्रश्न मला खरा वाटला. नानांच्या घरात आज पंधरा माणसं राहतात: खाली नाना-काकू, पहिल्यावर मुलगा-सून आणि नातवंडं, दुसऱ्यावर नवापूरवालीचं बिऱ्हाड, तिसऱ्यावर खात्यात काम करणारी पाच पोरं, ज्यांतली तीन नेहमी झोपलेली असतात कारण पाळ्या वेगळ्या. त्रेपन्न वारांवर पंधरा माणसं. आराखडेवाल्यांना जी दाट वस्ती हवी आहे ती हीच, आणि ती स्टेशनच्या आधी इथं हजर आहे. बस हेच लोक भरतात, उद्या मेट्रोही हेच भरतील. त्यांना उठवून तिथं चार एफएसआयचा टॉवर उभा केला, तर बांधकाम तेवढंच राहील, माणसं निम्मी होतील. तीन बेडरूममध्ये चार माणसं, मोटारी दोन. आणि इथले भाडोत्री कडोदऱ्याच्या पुढं कुठं तरी खोली बघतील आणि बाइकवर येतील, कारण तिथं ना मेट्रो ना बीआरटीएस. नकाशावर दाट वस्ती दिसेल. गाडी रिकामी धावेल.

मी टॉवरच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. काकूंना उन्हाची काळजी आहे. दक्षिणेला बारा मजले उभे राहिले की बिबडे वाळणार नाहीत, हा त्यांचा आक्षेप त्यांनी गंभीरपणे मांडला आणि मी गंभीरपणे ऐकला. पण नानांचे चार मजले म्हणजे आदर्श घर नव्हे. जिना अडीच फुटांचा, वळणावर काकूंचं पिंप. खाली ओट्यावर बाइका, त्यांच्या टाक्यांत पेट्रोल. 24 मे 2019 ला सरथाण्यात तक्षशिला आर्केडला आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली 22 जणं गेली, बहुतेक शिकणारी पोरं. त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी पिंप हलवलं. काही महिन्यांनी ते परत आपल्या जागी आलं, कारण दुसरीकडं जागाच नाही. चांगली बांधलेली, दोन जिन्यांची, लिफ्टची, पाण्याच्या टाकीची इमारत माणसाला नको असते असं कोण म्हणेल? काकूंचे गुडघे तर लिफ्टचं नाव काढताच दुखायचे थांबतात.

आणि दुसरं, पाणी. वर चढणाऱ्या मजल्यांचा हिशेब सगळे करतात, खाली वाहणाऱ्या पाण्याचा कोणी करत नाही. सुरतेला पूर म्हटलं की बाहेरच्यांना 2006 चा ऑगस्ट आठवतो, उकाईचं पाणी सुटलं आणि तापी शहरात शिरली तो. आमचा पूर वेगळा. आमच्याकडं खाडी येते. वरच्या तालुक्यांत पाऊस पडला की मीठी खाडी फुगते, लिंबायत, पर्वत पाटिया, पुणा, सणिया हेमाद, सगळीकडं गुडघाभर ते कमरेभर. तापी शांत असते आणि आम्ही पाण्यात. 2025 च्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात शाळांना सुट्टी द्यावी लागली. तेव्हा नानांचा तळमजला वर गेला, म्हणजे फ्रिज, गहू, देव आणि नाना-काकू पहिल्या मजल्यावर. नवापूरवालीनं तीन दिवस सगळ्यांचा स्वयंपाक केला. भाभींकडं तळमजल्यावर साड्यांचे पार्सल होते. त्याबद्दल त्या अजून बोलत नाहीत, म्हणजे नुकसान मोठं असणार.

आता अशा जागी मातीचा भराव टाकून टॉवरचं जोतं सहा फूट वर घेतलं की टॉवरवाले कोरडे. पाणी जाईल कुठं? शेजारच्या गाळ्यात. भाच्याला विचारलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाला, "खाडीचा हिशेब आधी व्हायला हवा. खाडीची रुंदी, काठाची जागा, नाल्यांचं माप. एफएसआय त्यानंतर."

"मग तसं करत का नाहीत?"

"मावशी, एफएसआय विकता येतो."

एवढं एक वाक्य बोलून त्यानं पुढचा बिबडा उचलला, तोही ओलाच.

पण गुजरातेत एक गोष्ट महाराष्ट्रापेक्षा जुनी आणि रुळलेली आहे, हेही त्यानंच सांगितलं. टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग योजना. कायदा मूळ मुंबई इलाख्याचा, 1915 चा, तेव्हा सुरत आणि खानदेश एकाच इलाख्यात होते. महाराष्ट्रात पुढं टीपी मागं पडली आणि डीपीवर, म्हणजे विकास आराखड्यावर, भर आला. आता पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला पीएमआरडीए, म्हणजे तिथलं प्रदेश विकास प्राधिकरण, ती नव्यानं करून बघतंय. गुजरातनं मात्र सोडली नाही, 1976 च्या कायद्यात ती आणखी पक्की केली. शेतकऱ्यांच्या वाकड्यातिकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बागा, शाळांसाठी कपात कापायची आणि उरलेल्या जमिनीचे सरळ प्लॉट करून ज्याचे त्याला परत द्यायचे. जमीन गेली म्हणून रडायला जागा राहत नाही, कारण उरलेल्या प्लॉटला रस्ता लागतो आणि भाव चढतो. सुरत महापालिकेची हद्द 2006 मध्ये 112 वरून 326 चौरस किलोमीटरवर गेली आणि आजूबाजूची गावं एका फटक्यात शहर झाली, ती शिवारं अशाच योजनांतून रस्त्यांवर आली.

त्या 1976 च्या कायद्यात एक कलम आहे जे दलाल सांगत नाही. टीपी योजनेच्या क्षेत्रात सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गाच्या घरांसाठी दहा टक्क्यांपर्यंत जमीन राखून ठेवता येते. महापालिकेची 'सुमन' नावाची घरं त्यातूनच बऱ्याच ठिकाणी उभी राहिली. काकूंच्या भावजयीनं एका सोडतीत फॉर्म भरला होता, नंबर लागला नाही, तेव्हापासून त्या घरातलं कोणी सुमन नावाची मुलगी सून करून घ्यायला तयार नाही.

पण ती घरं मालकीची. नवापूरवालीला मालकीचं नको, तिला पाच-सात वर्षं स्टेशनजवळ एक खोली हवी आहे, मग ती गावी बांधणार. भाड्याच्या सरकारी घरांचीही एक योजना 2020 मध्ये आली. आधीच बांधून रिकामी पडलेली घरं स्थलांतरित कामगारांना भाड्यानं द्यायची, आणि देशात ज्या शहरांनी ती आधी घेतली त्यात सुरत होतं. घरं किती? 393. सुरतेच्या मापानं बघितलं तर आमच्या पाटियाच्या दोन-चार गल्ल्यांचे भाडोत्री त्यात मावतील. बाकीच्या शहराला घर देण्याचं काम नानाच करताहेत, इम्पॅक्ट फी भरून.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, आणि ते मी त्या दिवशी कठड्यावर हात आपटून सांगितलं, काकूंच्या धोतरावर पाणी उडालं तरी. स्टेशनजवळ चार एफएसआय द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण वरचा जो जादा एफएसआय आहे त्यातला ठरावीक वाटा एका-दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरांना बांधून टाका. मोटारीच्या जागेची सक्ती कमी करा, म्हणजे घर स्वस्त पडेल आणि मोटारवाला आपोआप दुसरीकडं जाईल. आणि खाडीचं काम पुरं झाल्याचा दाखला मिळेपर्यंत पहिल्या टॉवरची वीट नको.

"हे कोणाला सांगायचं?" भाभींनी विचारलं. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

दलालाला नाही, एवढं नक्की. तो दुसऱ्या दिवशी परत आला आणि कोपऱ्यावरच्या मासींना सांगितलेला आकडा नानांना कमी करून सांगून गेला. आता मासी आणि नाना बोलत नाहीत. पंचेचाळीस सह्यांतल्या दोन कमी झाल्या.

सांगायची जागा कायद्यात आहे. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचनांसाठी दोन महिने, टीपी योजनेचा मसुदा जाहीर झाला की एक महिना. नोटीस गुजराती पेपरात येते. आपल्यातल्या ज्यांना गुजराती वाचता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यावी, ती आपल्यापेक्षा भरभर वाचतात. अर्ज लेखी करावा, एक प्रत आपल्याकडं ठेवावी, आवकच्या शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. अर्जात गाळ्याच्या भावाचं लिहू नये. घरात माणसं किती, त्यातली भाडोत्री किती, कामावर कशानं जातात, आणि 2025 च्या जूनमध्ये पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, एवढं लिहावं. आणि भाडोत्र्यांनीही लिहावं. टीपीच्या मसुद्यावर हरकत घेण्याचा हक्क कायद्यानं ज्याच्यावर योजनेचा परिणाम होतो अशा कोणत्याही व्यक्तीला दिला आहे. त्यासाठी सात-बारा किंवा घरपट्टीचं वेराबिल नावावर असावं लागत नाही.